'जॉनर'ला मराठीत काय म्हणावे, आणि कादंबरीच्या रकान्यात काय लिहावे?

सोलापुरातील एका निवृत्त शिक्षिकेने पुढील विचारणा केली आहे: "मी एक कादंबरी लिहून पूर्ण केली आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला, त्या दिवसांत गिरणीच्या चाळीत राहणारी एक मुलगी आपल्या बेपत्ता भावाचा शोध घेते, असे तिचे कथानक आहे. भाऊ सापडतो की नाही, हे मी वाचकावर सोडले आहे. हस्तलिखितासोबत प्रकाशकाला जो तक्ता भरून द्यायचा आहे, त्यात 'जॉनर' असा एक रकाना असून एकच प्रकार लिहावा अशी सूचना आहे. यजमान 'ऐतिहासिक' म्हणतात, मैत्रीण 'सामाजिक' म्हणते आणि नातू 'थ्रिलर' म्हणतो. जॉनरला मराठी शब्द कोणता, आणि त्या रकान्यात मी काय लिहू?"

प्रश्न दोन असले तरी पहिल्याचे उत्तर नीट दिल्याशिवाय दुसऱ्याचे देता येत नाही, म्हणून शब्दापासून सुरुवात करतो.

हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा आरंभीचा मऊ उच्चार मराठीत नसल्यामुळे आपल्याकडे तो जॉनर, झॉनर, झाँर अशा निरनिराळ्या रूपांत लिहिला जातो. फ्रेंचमध्ये तो लॅटिन 'जीनस'वरून आला, आणि 'जीनस'चा धातू व संस्कृतातील 'जन्' हा धातू एकाच मुळाचे आहेत. 'जन्'पासून आपल्याकडे 'जाति' हा शब्द झाला. म्हणजे जॉनर आणि जाती हे दूरचे भाऊबंद ठरतात, आणि गंमत अशी की संस्कृत साहित्यशास्त्राने याच अर्थी नेमका हाच शब्द वापरला आहे. त्याकडे पुढे येतोच.

मराठीत सर्वाधिक सुचवला जाणारा पर्याय म्हणजे 'साहित्यप्रकार' किंवा जुन्या वळणाचा 'वाङ्मयप्रकार'. हा पर्याय मला या ठिकाणी मान्य नाही. कविता, नाटक, निबंध, कथा, कादंबरी हे साहित्यप्रकार होत, त्यामुळे त्या रकान्यावर 'साहित्यप्रकार' असे छापले असते तर 'कादंबरी' हेच बरोबर उत्तर झाले असते. एका स्पर्धेच्या अर्जात 'साहित्यप्रकार' या शब्दापुढे मी स्वतः एकदा 'विनोदी' असे लिहून पाठवले होते आणि अर्ज 'माहिती अपुरी' असा शेरा मारून परत आला होता. शेरा योग्यच होता. हिंदीतील 'विधा' हा शब्द अलीकडे मराठी लेखांतही दिसतो, परंतु त्याचा अर्थही साहित्यप्रकार असाच असल्याने त्याने अडचण सुटत नाही. 'शैली' हा शब्द तर मुळीच वापरू नये, कारण मराठीत शैली लेखकाची असते, पुस्तकाच्या वर्गाची नसते. 'श्रेणी' म्हटले की मराठी माणसाला गुणपत्रिका आठवते.

'जातकुळी' हा शब्द समीक्षेत चांगला रुळलेला आहे. "या कादंबरीची जातकुळी वेगळी" असे आपण म्हणतो तेव्हा तिचे पूर्वज आणि भावंडे कोणती, हे सुचवत असतो, आणि तेवढ्यापुरता तो फार नेमका शब्द आहे. मात्र छापील तक्त्यात नावापुढे 'जात' या अक्षरांनी सुरू होणारा रकाना कोणालाही रुचणार नाही, आणि रुचू नयेच. आपल्या जिल्ह्यात ज्वारीसंबंधी सर्रास वापरला जाणारा 'वाण' हा शब्द मला व्यक्तिशः प्रिय आहे. मालदांडी हा वाण, तशी रहस्यकथा हा वाण, असे म्हणायला काय हरकत आहे, असे वाटते. 'वर्ण'पासून आलेल्या या शब्दाचा मूळचा 'रंग' हा अर्थ "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला" या म्हणीत शिल्लक आहे, आणि एका प्रकारच्या कादंबरीला शेजारच्या प्रकाराचा गुण लागतो हे तर रोजचे आहे. तरीही कादंबरीचे वाण ऐकून वाचक आधी बियाणाच्या दुकानाकडे वळेल, हे ओळखून मी हा आग्रह धरत नाही. साधा, सर्वांना कळणारा आणि चुकीचा अर्थ न देणारा शब्द 'कादंबरीचा प्रकार' हाच आहे. फक्त 'प्रकार' हे कशाचे प्रकार, ते सांगितलेच पाहिजे. वरचा घोटाळा ते न सांगितल्यामुळेच होतो.

आता संस्कृताकडे. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी गद्यकथनाचे दोन प्रकार मानावेत की एक, यावर वाद झाला होता. संस्कृत साहित्यशास्त्रकार भामहाच्या मते 'आख्यायिका' आणि 'कथा' हे प्रकार भिन्न होत: आख्यायिकेत नायक आपली हकीकत स्वतः सांगतो आणि तिचे भाग 'उच्छ्वास' या नावाने पाडलेले असतात, तर कथेत निवेदन दुसऱ्याचे असते आणि उच्छ्वास नसतात. 'काव्यादर्श' या ग्रंथात दंडी या दुसऱ्या शास्त्रकाराने हा भेद उडवून लावला. निवेदक कोण आणि प्रकरणांना नाव काय, एवढ्यावरून प्रकार बदलत नाही, असे सांगून तो म्हणतो, "तत् कथाख्यायिकेत्येका जातिः संज्ञाद्वयाङ्किता", म्हणजे जात एकच, नावे मात्र दोन. अमरकोशाने वेगळीच वाट धरली आहे. तेथे आख्यायिकेला 'उपलब्धार्था' म्हटले आहे, म्हणजे जिचा विषय आधीच ज्ञात आहे अशी, आणि कथेला 'प्रबन्धकल्पना', म्हणजे कल्पनेने रचलेली. भामहाची कसोटी रचनेची, अमराची कसोटी विषयाची, आणि दंडीला एवढ्या भेदासाठी दोन जाती मानणेच अमान्य. आपल्या घरात यजमान, मैत्रीण आणि नातू यांच्यात चाललेला वाद याहून फार वेगळा नाही.

बाणभट्टाने 'हर्षचरित' ही आख्यायिका आणि 'कादंबरी' ही कथा लिहिली, आणि त्या दुसऱ्या ग्रंथाच्या नायिकेचे नाव मराठीत एका संपूर्ण साहित्यप्रकाराला मिळाले. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याचे, वनस्पती तुपाला डालडा म्हणण्यासारखे, हे उदाहरण आहे. कन्नडातही कादंबरीच. गुजरातीत मात्र नवलकथा, तेलुगूत नवल, आणि हिंदीत उपन्यास. सोलापुरात हा शब्दव्यवहार एका गल्लीत ऐकायला मिळतो: पूर्व भागातील तेलुगूभाषक विणकराच्या घरी 'नवल' वाचली जाते आणि मराठी शेजाऱ्याला त्याचे नवल वाटते, तर हिंदी शिक्षकाने "उपन्यास सुनाता हूँ" म्हटले की कन्नडभाषक विद्यार्थी व्याख्यान ऐकण्याच्या तयारीने बसतो, कारण कन्नडात आणि तेलुगूतही उपन्यास म्हणजे भाषण. मराठीतही हे नाव लगेच ठरले नव्हते. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या १८७२ मधील निबंधाचा विषय 'नावल व नाटक' असा आहे.

मूळ प्रकाराचे नावच डळमळीत होते, तेव्हा त्याचे उपप्रकार लेखक कसे सांगत असतील? बहुधा उपशीर्षकातून. बाबा पदमनजी यांच्या १८५७ मधील 'यमुनापर्यटन'चे उपशीर्षक हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण असे आहे. त्यानंतर प्रकार विचारण्याची गरजच उरत नाही. हरिभाऊ आपट्यांनी आपल्या समकालीन जीवनावरच्या कादंबऱ्यांना 'आजकालच्या गोष्टी' असे मथळ्याखाली म्हटले. हे दोन शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण पुढे ज्याला 'सामाजिक' म्हणू लागले त्याचे ते अस्सल मराठी नाव होते. पौराणिक, ऐतिहासिक आणि सामाजिक ही तिहेरी वाटणी नाटकांच्या आणि नंतर चित्रपटांच्या जाहिरातींनी घरोघरी नेली, आणि त्या वाटणीत सामाजिक म्हणजे एवढेच की यात देव नाहीत, राजे नाहीत, आजकालची माणसे आहेत. आज तोच शब्द सामाजिक प्रश्नावरच्या लेखनासाठी वापरला जातो. आपल्या मैत्रिणीने तो कोणत्या अर्थी वापरला, हे विचारून पाहावे. पहिल्या अर्थी तो आपल्या कादंबरीला लागू नाही, कारण १९३० हे आजकाल नव्हे. दुसऱ्या अर्थी चाळीतल्या कामगारांचे जिणे हाच विषयाचा गाभा असेल, तरच लागू आहे.

खरी गुंतागुंत पुढे आहे. आपण ज्यांना कादंबरीचे प्रकार म्हणतो ती नावे एकाच मापाने दिलेली नाहीत. 'ऐतिहासिक' हे नाव काळावरून, 'ग्रामीण' आणि 'प्रादेशिक' ही स्थळावरून, 'चरित्रात्मक' हे नायकाच्या मूळ व्यक्तीवरून, 'दलित' हे अनुभवाच्या आणि भूमिकेच्या जागेवरून, 'कुमार' हे वाचकाच्या वयावरून आणि 'लघु' हे तर पानांवरून पडले आहे. चादरीचा भाव, रंग आणि वजन विचारल्यावर तिन्हींना एकच आकडा सांगता येत नाही, तसेच हे. म्हणून एकाच कादंबरीला चार नावे लागणे हा दोष नाही, आणि 'एकच लिहावा' ही सूचना मुळात तर्काला धरून नाही. पुस्तकव्यवसायात २०१३ पासून वापरली जाणारी 'थेमा' ही आंतरराष्ट्रीय वर्गीकरणपद्धती एका पुस्तकाला अनेक विषयसंकेत देऊ देते, फक्त मुख्य संकेत पहिला लिहावा असे सांगते. ग्रंथालयाचे ड्यूई वर्गीकरण उलट टोकाचे आहे: मराठी कादंबरी ८९१.४६३ या क्रमांकाखाली जाते, मग त्यात खून असो की लग्न.

व्याकरणाच्या अंगानेही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ऐतिहासिक, सामाजिक, ग्रामीण ही विशेषणे आहेत, म्हणून ती 'कादंबरी' या शब्दापासून सुटी लिहितात. रहस्य आणि भय ही नामे आहेत, म्हणून रहस्यकादंबरी, भयकथा असे जोडून लिहितात. या दुसऱ्या गटातील नावे बहुतांशी वाचकाला काय मिळणार ते सांगतात, तर पहिल्या गटातील नावे मजकूर कुठून आणला ते सांगतात. (विज्ञानकथा या नियमात बसत नाही, हे मला मान्य आहे, नियम माझाच असल्याने तो मोडण्याची मुभाही मीच घेतो.) हा फरक आपल्या नातवाच्या मुद्द्यासाठी कामाचा आहे. मजकुराविषयीचे विशेषण ही माहिती असते, परंतु रहस्य हा वायदा असतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि वाचनालयांत त्या झिजेपर्यंत फिरल्या, त्या याच भरवशावर की शेवटच्या पानापर्यंत गुन्हेगार सापडेल. भाऊ सापडतो की नाही हे आपण वाचकावर सोडले आहे, तेव्हा हा वायदा आपण केलेला नाही. 'थ्रिलर' किंवा 'रहस्य' लिहिल्यास आपला वाचक शेवटी फसवले गेल्याच्या भावनेने पुस्तक मिटेल, आणि चूक शेवटाची नसून रकान्याची असेल.

शोधकथेला कन्नडात जो शब्द आहे तो येथे सांगावासा वाटतो: 'पत्तेदारी कादंबरी'. आपण ज्याचा 'पत्ता लावतो', तोच हा पत्ता. मराठीने गुप्तहेरकथा, रहस्यकथा, डिटेक्टिव्ह कथा अशी लांबची नावे जवळ केली आणि घरातला शब्द शेजाऱ्याने वापरात आणला. आपली नायिका भावाचा पत्ताच लावत आहे, रहस्य उलगडत नाही. त्यामुळे कर्नाटकात हा रकाना भरायचा असता तर नातवाची बाजू थोडी बळकट झाली असती.

राहिले यजमानांचे 'ऐतिहासिक'. याला दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला, १९३० पुरेसे जुने आहे का? वॉल्टर स्कॉटने १८१४ मध्ये 'वेव्हर्ली' ही ऐतिहासिक कादंबरी प्रसिद्ध केली तेव्हा तिच्या उपशीर्षकातच साठ वर्षांपूर्वीची हकीकत असे म्हटले होते, आणि साधारण तेवढे, म्हणजे लेखकाच्या स्वतःच्या आठवणीपलीकडचे, अंतर असावे असे पुढेही मानले गेले. आपली कथा नव्वद वर्षांहून जुनी आहे. दुसरा आक्षेप असा की चाळीतली मुलगी ऐतिहासिक व्यक्ती नाही. पण ऐतिहासिक कादंबरीत मुख्य पात्र इतिहासातले असावे, असा नियम नाही. येथे मी आपल्याला एक कसोटी सुचवतो: ते विशेषण काढून पाहा आणि कथानक उभे राहते का ते तपासा. लष्करी कायदा, संचारबंदी, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी झालेली फाशी, हे सर्व वगळल्यावर भावाचे बेपत्ता होणे अकारण ठरत असेल, तर काळ ही पार्श्वभूमी नसून कारण आहे, आणि कादंबरी ऐतिहासिक आहे. तीच गोष्ट कोणत्याही वर्षी, कोणत्याही गिरणीच्या गावी घडू शकत असेल, तर ती नाही. आपण दिलेल्या चार ओळींवरून पहिली शक्यता मला अधिक वाटते.

एक अडचण उरतेच. १८७१ च्या 'मोचनगड' या ऐतिहासिक कादंबरीपासून मराठी वाचकाच्या मनात या शब्दाबरोबर गड, तलवार आणि शिवकाल किंवा पेशवाई येते. गिरणीचा भोंगा येत नाही. शिवाय क्रिकेटमधला विजयही आता ऐतिहासिक असतो आणि महापालिकेचा अर्थसंकल्पही. म्हणून त्या रकान्यात आपण "ऐतिहासिक कादंबरी (सोलापूर, १९३०)" असे लिहावे. 'ति' ऱ्हस्व आणि 'सि' ऱ्हस्व. जागा अपुरी पडली तर विशेषण गाळले तरी चालेल, कंसातला मजकूर मात्र ठेवावा.