क्लबचं कार्ड, पायलटचं सर्टिफिकेट आणि लग्नाचे दोन हजार

प्रश्न: आम्ही पंचवटीत राहतो. मुलगा बारावी सायन्सला आहे, ऑगस्टमध्ये त्याला अठरा पूर्ण होतील. वर्षभर तो ड्रोन उडवणाऱ्यांच्या एका हौशी क्लबमध्ये जातो, दर रविवारी पहाटे उठून. वर्गणी वर्षाला 3,000 रुपये. क्लबने आता ओळखपत्र दिलंय आणि हा म्हणतो, "हे असलं की लायसन्स लागत नाही." गेल्या महिन्यात एका फोटोग्राफरने त्याला लग्नात ड्रोन उडवायला नेलं आणि 2,000 रुपये हातावर ठेवले. यांचं म्हणणं, परीक्षा संपली की 45,000 भरून पायलटचा कोर्स उरकून टाकू, सिंहस्थात कामाला तोटा नाही. खरं काय समजायचं? – एक आई

उत्तर: ताई, आधी एक काम करा. भाजी मोजायचा डिजिटल काटा असेल तर त्यावर मुलाचा ड्रोन ठेवा. बॅटरी, कॅमेरा, सगळं लावून. या विषयातले निम्मे वाद त्या आकड्यावर मिटतात.

250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन म्हणजे नॅनो. त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. 250 ग्रॅमच्या वर ते 2 किलोपर्यंत मायक्रो. तो पैसे न घेता, हौसेखातर उडवला तर सर्टिफिकेट लागत नाही, पण कमाईसाठी उडवला की लागतं. क्लबातली मुलं स्वतः जोडतात ते ड्रोन बहुतेक मायक्रोतच बसतात. म्हणजे रविवारी माळावर विनालायसन्स उडवता येतं हे तुमच्या मुलाचं म्हणणं खरं आहे, फक्त त्याचं कारण त्याने चुकीचं सांगितलं. ही सूट क्लबच्या कार्डाने दिलेली नाही. ती वजनामुळे आणि हौसेमुळे आहे, कार्ड नसतं तरी मिळालीच असती. 2021 च्या ड्रोन नियमांत क्लबचा सदस्य म्हणून पायलटला वेगळा दर्जा नाही.

लग्नाच्या मांडवात मात्र दोन हजार हातात पडले आणि हौस संपली. त्याचा ड्रोन 250 ग्रॅमच्या वरचा असेल तर ते काम नियमाबाहेरचं होतं. फोटोग्राफरला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. नियमभंगाला दंड एक लाखापर्यंत होऊ शकतो, आणि वऱ्हाडातल्या कुणाला पंखा लागला तर दंड ही फार छोटी गोष्ट ठरते. पुन्हा बोलावणं आलं तर सरळ नाही म्हणायला सांगा. ओळखीचा माणूस आहे, वाईट वाटेल. वाटू द्या.

आता कोर्स. सर्टिफिकेटसाठी वय 18 पूर्ण लागतं, शिक्षण दहावी पास, आणि डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, मान्यता दिलेल्या संस्थेतच प्रशिक्षण. 2022 च्या दुरुस्तीपासून 'लायसन्स' हा शब्दच गेला. आता संस्थाच 'रिमोट पायलट सर्टिफिकेट' देते आणि ते दहा वर्षं चालतं. पूर्वी पासपोर्ट लागायचा, 2023 पासून मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवानाही चालतो. पण वयाच्या अटीमुळे ऑगस्टच्या आधी तुमच्या मुलाला ते मिळूच शकत नाही. मार्चमध्ये कुणी "आत्ता फी भरा, सर्टिफिकेटचं बघू" म्हणालं तर उठून बाहेर या. माझ्याकडे सिन्नरचा एक मुलगा आला होता, लॅमिनेट केलेलं सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र घेऊन. त्यावर सगळं होतं, पण ती संस्था डीजीसीएच्या यादीत नव्हती. बापाने त्यासाठी सोसायटीतून उचल घेतली होती. यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते, फी विचारायच्या आधी ती पाहा. आणि सर्टिफिकेट कुठल्या वर्गाचं मिळणार तेही विचारा, कारण ते ठरावीक वजनाच्या आणि प्रकारच्या ड्रोनपुरतंच असतं.

पण मिस्टरांना मला वेगळंच सांगायचंय. हा कोर्स आठवड्याभरात संपतो. जे आठवड्यात मिळतं ते पुढच्या वर्षी गल्लीत दहा जणांकडे असणार. सिंहस्थात गर्दीवर ड्रोनने नजर ठेवायचं काम पोलीस आणि प्रशासनाचं. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखाद्या भागापुरता तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतो, तिथे खाजगी ड्रोन वर गेला तर काम मिळायचं राहील बाजूला, पोरगं चौकीत बसेल. तसंही आपलं नाशिक या बाबतीत नाजूक. ओझरला एचएएलचा विमान कारखाना आणि विमानतळ, गांधीनगरला लष्करी हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण, देवळालीला तोफखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. सरकारच्या ड्रोन-नकाशावर ग्रीन झोन, म्हणजे परवानगी न घेता उडवता येतं तो भाग, पाहिल्याशिवाय गच्चीवरूनसुद्धा उडवू नये. ग्रीन झोनमध्येही मर्यादा 400 फुटांची, आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांची. त्याहून जवळ परवानगीशिवाय नाहीच.

काम आहे, पण ते ड्रोनच्या खाली जमिनीवर आहे. गेल्या वर्षी दिंडोरीत एका द्राक्षबागेत फवारणीचं प्रात्यक्षिक पाहिलं. दहा लिटरची टाकी, पोरगा सफाईने उडवत होता. बागायतदाराने एकच प्रश्न विचारला: "डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) पानाच्या खालून शिरतो. वरून मारलेलं औषध खालच्या बाजूला पोचतं का? माझा ब्लोअर (फवारणीचं यंत्र) तर खालून मारतो." पायलट गप्प. सर्टिफिकेट होतं त्याच्याकडे. त्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येईल त्याला निफाड-पिंपळगाव पट्ट्यात काम शोधत फिरावं लागणार नाही. ते उत्तर बीएस्सी ॲग्रीत शिकायला मिळतं. मोजणीचंही तसंच. स्वामित्व योजनेत गावठाणं ड्रोनने मोजली गेली, पण फोटोंवरून नकाशा बनवणारा माणूस सर्व्हे शिकलेला लागतो. दुरुस्तीकडे ओढा असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. यातलं काय आवडतं हे मुलालाच विचारा, आणि तोवर सीईटीचा अभ्यास करू दे.

क्लब सोडायला लावू नका. मी तर म्हणेन, तुमच्या 3,000 रुपयांत तो 45,000 च्या कोर्सपेक्षा जास्त शिकलाय. नवशिक्याचा ड्रोन जेव्हा तोंड वळवून त्याच्याकडेच यायला लागतो तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आणि हात रिमोटवरची काडी चुकीच्या बाजूला दाबतो. मी स्वतः असा एक बाभळीत घातलाय. ती सवय महिनोन्महिने उडवूनच मोडते. बॅटरी फुगली की ती वापरायची नाही, पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवायची नाही, हे पण क्लबातले मोठे लोकच ओरडून शिकवतात. फक्त क्लबच्या प्रमुखांना दोन गोष्टी विचारून घ्या: मुलांच्या ड्रोनवर नोंदणी क्रमांक आहेत का, आणि कुणाला इजा झाली तर विमा आहे का. हौसेच्या ड्रोनला टाइप सर्टिफिकेटची (त्या मॉडेलला मिळणाऱ्या सरकारी मंजुरीची) सूट आहे, नोंदणीची नाही. ती 100 रुपयांत होते. या प्रश्नांवर ते चिडले तर मात्र क्लब बदला.

सप्टेंबरमध्ये, प्रवेशाची धावपळ संपल्यावर, मुलाला घेऊन या. येताना काट्यावरचा आकडा लिहून आणा.