वाचकांचे प्रश्न : नंदीध्वजाचा तोल

प्रश्न : माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत अनेक वर्षे नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली मानाची उंच काठी, पेलला. आता गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना मिरवणुकीबरोबर चालवत नाही. पुण्यात शिकणारा माझा मुलगा संक्रांतीला घरी येतो, मोबाइलवर सगळ्या मिरवणुकीचे चित्रीकरण करतो आणि “आजोबा, सगळं जपून ठेवलंय,” असे सांगतो. सासरे त्यावर काहीच बोलत नाहीत. चित्रीकरणाने परंपरा टिकते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुलाचे चित्रीकरण वाया जाणारे नाही, ते त्याने अवश्य करावे. परंतु सासऱ्यांचे मौनही समजून घ्यायला हवे. चित्रफितीत नंदीध्वज डौलाने पुढे सरकताना दिसतो. वाऱ्याची झुळूक आली की उंच काठी कोणत्या बाजूला कलते आणि ती पडू नये म्हणून पेलणाऱ्याला पाऊल नेमके कुठे टाकावे लागते, हे मात्र त्यात दिसत नाही. ते ज्ञान शरीराचे आहे. म्हणूनच यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव सुरू होतो आणि जाणत्यांच्या नजरेखाली नवी मुले तोल शिकतात.

सिद्धरामेश्वरांवर, म्हणजेच सिद्धेश्वरांवर, मन जडलेल्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी (हातातील दंडाशी) लावला गेला, ही या यात्रेमागची कथा आहे. आजही पहिल्या दिवशी सोलापुरातील ६८ शिवलिंगांना तैलाभिषेक होतो, म्हणजे लग्नाची हळदच. दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यावर ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ या घोषात अक्षता पडतात आणि त्यानंतर होम होतो. १२व्या शतकातील या संताने वचने कन्नडमध्ये रचली आणि आज त्यांच्या यात्रेत मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे सोलापूरकर एकाच मिरवणुकीत चालतात. सात नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. माझ्या मते यात्रा टिकण्याचे खरे कारण हेच आहे : प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी काम आहे, आणि ते काम न झाल्यास लग्न अडते, अशी जबाबदारीची भावना घराघरांत आहे. नुसते पाहणाऱ्यांच्या बळावर एवढी शतके ती चालली नसती.

तेव्हा मुलावर सक्ती करू नये. अभ्यास सोडून त्याने काठी उचलावी, असेही मी म्हणणार नाही. पण डिसेंबरमध्ये एखाद्या रविवारी तो आला, तर त्याने आजोबांना सरावाच्या ठिकाणी घेऊन जावे. गुडघे दुखत असले तरी खुर्चीवर बसून त्यांना तोलातली चूक दिसेल आणि ती ते ओरडून सांगतीलही. मोबाइल तेथे आजोबांसमोर धरावा : कंबर कशी बांधायची, दमल्यावर पुढच्या माणसाकडे काठी कशी सोपवायची, आणि त्यांना स्वतःला हे कोणी शिकवले, हे प्रश्न मुलाने विचारावेत. गर्दीच्या चित्रीकरणापेक्षा या उत्तरांचे मोल पुढे अधिक ठरेल.

नंदीध्वज पेलण्याइतकी तयारी व्हायला त्याला वेळ लागेल आणि कदाचित त्याला ते जमणारही नाही. तरीही ६८ लिंगांच्या वाटेवर मिरवणुकीबरोबर पायी चालणे त्याला याच वर्षी शक्य आहे. आपल्या घरी सासऱ्यांची जुनी पांढरी बाराबंदी (यात्रेत घालायचा बंदांचा सदरा) असेलच. ती पेटीतून काढून त्याच्या मापाची करून ठेवावी आणि ती त्याला सासऱ्यांच्या हातूनच द्यावी.