पोस्टरवर नाव नाही, म्हणून साथ सोडू?

पत्र: ताई, मी पुण्याची, वय २८. व्हिएन्नाला पियानो शिकायला आले ती एकल वादक व्हायला. तिसऱ्या वर्षी एका स्पर्धेत वाजवताना मध्येच सगळं विसरले आणि उठून आत गेले. त्यानंतर गायकांना साथ करू लागले आणि त्यातच रमले. गेली चार वर्षं एका मैत्रिणीबरोबर शूबर्ट, शूमान या संगीतकारांची जर्मन गाणी करते आहे. आता आम्हाला पहिला मोठा कार्यक्रम मिळालाय, तर पोस्टरवर फक्त तिचा फोटो आणि फक्त तिचं नाव. मला ते इन्स्टाग्रामवर कळलं. मानधन तिच्या खात्यात येणार आणि त्यातला एक तृतीयांश माझा, असं तिनेच परस्पर ठरवलं. आई फोनवर म्हणते, "एवढं कर्ज काढून शेवटी पेटीवालीच व्हायचं होतं, तर पुण्यात काय वाईट होतं?" एकटीने वाजवायची भीती वाटली म्हणून मी साथीला बसले का? हे सोडून परत एकल वादनाकडे वळू का?
– साथीदार, व्हिएन्ना

प्रिय साथीदार,

तुझं पत्र सहा पानी होतं, इथे छापताना बरंच कापलं. कापता कापता एक लक्षात आलं. स्पर्धेतल्या फजितीला तू दोन ओळी दिल्या आहेस. आणि शूबर्टच्या 'विंटररायझ' या गीतमालेतल्या शेवटच्या गाण्यातल्या नुसत्या डाव्या हाताला अख्खं पान! तो रिकामा पंचम, आपल्या तंबोऱ्यासारखा सा-प, सा-प, गाणं संपेपर्यंत न हलणारा. तो किती हळू ठेवायचा, त्याआधीचा तो छोटा कणस्वर किती बोचरा हवा, तुझ्या बाईंनी तुला त्या एवढ्याशा तुकड्यावर पाऊण तास कसं बसवलं. पळून आलेलं माणूस आसऱ्याला थांबलेल्या घराचे कडीकोयंडे इतक्या मायेने सांगत नाही.

आणि समज, आलीस पळून. मग? घाबरून एका दारातून बाहेर पडलीस आणि दुसऱ्या दारात तुला तुझं काम सापडलं. साथीला बसलं की समोर नोटेशन ठेवता येतं, पाठांतराची टांगती तलवार नसते, हा तुला सुटकेचा भाग वाटत असेल. पण तुझ्या मैत्रिणीला सगळं पाठ लागतं आणि ती ज्या क्षणी ओळ विसरेल त्या क्षणी तिला सावरायचं तुला असतं. भित्र्या माणसाला हे काम कुणी देत नाही.

माझे वडील, आमचे दादा, पेटीची साथ करत. चाळीस वर्षं केली. त्यांच्याकडे एक लांबोडकी वही होती, प्रत्येक गवयाच्या नावापुढे पट्टी लिहिलेली: काळी एक, काळी चार, पांढरी पाच. आणि शेजारी बारीक अक्षरात, 'अंतऱ्याआधी दम घेतात', 'तिसऱ्या सप्तकात गेले की पाठीशी राहणे', 'चहा बिनसाखरेचा'. म्हणून तुझ्या आईचा 'पेटीवाली' हा शब्द मला शिवी वाटत नाही. चुकीचा मात्र वाटतो. दादा गवयाच्या मागून जायचे. तो जागा घेईल ती टिपून, अर्ध्या श्वासाच्या अंतराने. त्यांच्यापुढे लिहिलेलं काही नसायचं. तुझ्यापुढे प्रत्येक सूर लिहिलेला आहे आणि निम्मं गाणं पियानोलाच दिलेलं आहे. तू मागून गेलीस तर उशीर झाला. तुला तिच्याबरोबरच श्वास घ्यावा लागतो, आणि कवितेतला शब्द तिच्या तोंडात येण्याआधी तुझ्या बोटांत असावा लागतो. वही मात्र तुम्हा दोघांची सारखीच. तेच गाणं बॅरिटोनसाठी, म्हणजे खर्जाकडे झुकणाऱ्या पुरुषी आवाजासाठी, खालच्या पट्टीत नेलं की डावा हात गढूळ होतो, तो कसा स्वच्छ ठेवायचा, हे तूच लिहिलं आहेस ना?

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रात दोन दुखणी एकमेकांत गुंतली आहेत. एक, 'हा पेशा माझा आहे का?' दुसरं, 'माझ्या मैत्रिणीने मला गृहीत धरलं.' पहिल्याचं उत्तर तुला ठाऊक आहे. दुसरं विचारायचं धाडस होत नाही, म्हणून तू पहिलंच पुन्हा पुन्हा विचारते आहेस. मैत्रिणीशी वाकडं बोलण्यापेक्षा अख्खा पेशा सोडणं सोपं वाटावं, हे मला नवीन नाही. दादांना एकदा एका मंडळाने शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावलं. बिदागीचं नाव नाही. ते काही बोलले नाहीत. महिनाभर पेटीला हात लावला नाही आणि आम्हाला सांगितलं, आता बोटं चालत नाहीत. बोटं उत्तम चालत होती. घरात शाली पाच झाल्या होत्या आणि वाण्याचं बिल तसंच होतं.

तेव्हा बोल. कार्यक्रमाआधी बोल, पण तालमीच्या खोलीत नको आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. चालायला जा दोघी. एवढंच म्हण, "पोस्टरवर माझं नाव नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का?" आणि मग गप्प राहा. ही गप्प राहायची जागा तुला सांभाळता येईल, धंदाच तो आहे तुझा. कदाचित ती ओशाळेल. आयोजकांनी परस्पर केलं असेल आणि तिला पहिल्या मोठ्या कार्यक्रमाच्या घाईत सुचलं नसेल. कदाचित म्हणेल, "लोक मला ऐकायला येतात." हे दुसरं उत्तर आलं तर वाईट वाटेल, पण निदान कळेल.

पैशाचंही त्याच फेरीत काढ. निम्मे माग. लाजू नकोस, कारण गाण्यागणिक तालमीचे तास तुम्ही दोघींनी सारखेच घातले आहेत. ती नाही म्हणाली तर किती आणि का, ते तिच्या तोंडून येऊ दे. पुढच्या वेळेपासून आयोजकाशी तुझा करार वेगळा, नाव त्याच आकाराच्या अक्षरात. यात आगाऊपणा काही नाही. श्टुटगार्टला हुगो वोल्फ अकादमीची लीडगायनाची, म्हणजे तुम्ही करता तसल्याच जर्मन गाण्यांची, स्पर्धा होते, तिथे गायक आणि पियानोवादक जोडीनेच उतरतात आणि बक्षीसही जोडीला मिळतं. जमलं तर तिला तेच सुचव, एकत्र उतरू या म्हणून. तिचा चेहरा बघ. बरंचसं तिथेच समजेल.

आणि एक. रागाच्या भरात कार्यक्रमात मुद्दाम दबून वाजवू नकोस, किंवा मुद्दाम चढून. असं करणारे साथीदार मी पाहिले आहेत. श्रोत्यांना कारण कळत नाही, पण मैफल आंबते.

पूर्वी युरोपातही साथीदाराचं नाव कार्यक्रमपत्रिकेत तळाला, बारीक अक्षरात जायचं. त्याविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिलेला माणूस म्हणजे गायकांना पियानोची साथ करणारे इंग्लिश वादक जेराल्ड मूर. १९६२ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावातच प्रश्न आहे: मी फार मोठ्याने वाजवतोय का? १९६७ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला, तेव्हा श्वार्त्सकोफ, दे लोस आंखेलेस आणि फिशर-डिस्काउ असे तीन बिनीचे गायक त्यांच्यासाठी गायले. शेवटी मूर एकटेच पियानोवर बसले आणि गायकाविना शूबर्टचं 'संगीतास' हे गाणं वाजवून उठले. दादांच्या पिढीतल्या किती साथीदारांना असा निरोप मिळाला, ते मोजायला बसले तर माझी एका हाताची बोटं उरतील.

पण मूरांची गोष्ट सांगून तुला भुलवायचं नाही. या गाण्यांचा बाजार लहान आहे. लंडनचं विग्मोर हॉल म्हणजे या गाण्यांचं देऊळच, तिथेही खुर्च्या साडेपाचशेच्या आसपास. आपलं बालगंधर्व त्याहून कितीतरी मोठं. नुसत्या मैफलींवर घरभाडं निघत नाही. हेल्मुट डॉइच यांच्या तोलाचा नामवंत साथीदार पियानोवादकही म्युनिकला वर्षानुवर्षं शिकवत होता. तुलाही शिकवावं लागेल, संगीतशाळेत दुसऱ्यांच्या वर्गांना वाजवावं लागेल, ऑपेरागृहात गायकांच्या भूमिका बसवून घेण्याची नोकरी मिळाली तर ती आधी पकड, कारण तिथे महिन्याचा पगार असतो आणि व्हिसाच्या कागदांना पगार आवडतो.

आणि एकाच गायिकेवर सगळा डाव लावू नकोस. हे मी पोस्टर प्रकरण मिटलं तरी म्हणेन. चांगल्या आवाजाला उद्या ऑपेराचं बोलावणं येतं आणि मग वर्षभर तिची तारीख मिळत नाही. यात दगाबाजी नसते, पोट असतं. एक बॅरिटोन शोध, एक सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची गायिका, शोध. वहीत तीन पट्ट्या झाल्या की मैत्रिणीचा राग आला तरी तुझ्या पायाखालची जमीन हलणार नाही.

तू 'विंटररायझ'च्या त्या गाण्यावर पानभर लिहिलंस, पण त्याच्या शेवटच्या ओळीबद्दल काहीच लिहिलं नाहीस, याची मला गंमत वाटली. २४ गाणी एकट्याने चालून आलेला तो माणूस शेवटी त्या बर्फात उभ्या म्हाताऱ्या वाद्यवाल्याला काय विचारतो? माझ्या गाण्यांना तुझं वाद्य वाजवशील का? अख्ख्या प्रवासात त्याने कुणाकडे मागितलेली ही शेवटची गोष्ट आहे, आणि ती साथ आहे. परवा वाजवशील तेव्हा बघ.

राहिली आई. तिने तुला स्कूटरवर मागे बसवून ट्रिनिटीच्या पियानोच्या परीक्षांना नेलं, असं तूच लिहिलं आहेस. तिच्या मनात तू काळ्या पियानोपुढे एकटीच बसलेली होतीस, आणि आता तुझ्या शेजारी कुणीतरी उभं आहे आणि टाळ्या तिला पडताहेत. 'पेटीवाली' म्हणताना तिला हे चित्र मोडलेलं दिसतंय. तिला फोनवर पटवत बसू नकोस, आया फोनवर पटत नाहीत. शूमानची 'डिख्टरलीब' ही गीतमाला तुम्ही रेकॉर्ड केलेली आहे म्हणालीस ना, त्यातलं सोळावं, शेवटचं गाणं पाठव तिला. गाणं जर्मनमध्ये आहे, तिला काही कळणार नाही, हरकत नाही. त्यात गायिका गाऊन संपवते आणि तशीच उभी राहते, आणि पुढे मिनिटभराहून जास्त वेळ फक्त पियानो असतो. बाराव्या गाण्याच्या शेवटी पियानोनेच एकट्याने म्हटलेलं काहीतरी पुन्हा आठवून सांगणारा.

सोबत एवढंच लिही: आई, ती गायची थांबली की बंद करू नकोस.

तुझी,
ताई