फिश टँकच्या संपसाठी अ‍ॅक्रेलिक कोणतं घेऊ?

प्रश्न: भाऊ, मी भुसावळचा. ३ फुटी फिश टँकखाली घरीच संप (टँकचं पाणी गाळायची खालची टाकी) बनवतोय, ३० बाय १२ इंच, उंची १५. दुकानदार ४ एमएमची शीट देतो म्हणे, चालेल का? आणि काचेसारखं सिलिकॉनने चिकटवू का?

उत्तर: ४ एमएम नकोच भाऊ. हा संप काठोकाठ भरला तर जवळजवळ ८८ लिटर पाणी मावतं, म्हणजे ८८ किलो वजन, आणि पातळ शीटचं पोट लगेच बाहेर येतं. ६ एमएम घ्या, तेही वरून २ इंची पट्टीची चौकट चिकटवून, ८ एमएम परवडलं तर फारच छान. विचारताना 'कास्ट' (साच्यात ओतून बनवलेली) शीटच मागा, एक्सट्रुडेड (मशीनमधून दाबून काढलेली) स्वस्त पडते पण जोडाजवळ केसासारख्या बारीक भेगा पडायची भीती जास्त, माझ्या पहिल्या संपला तशाच पडल्या होत्या आणि मग थेंब थेंब गळती सुरू, रात्रभर खाली बादली.

सिलिकॉन अ‍ॅक्रेलिकला नीट धरत नाही, महिन्या-दोन महिन्यांत सालासारखं सुटून येतं. अ‍ॅक्रेलिकचं सॉल्व्हंट (कडा विरघळवून जोडणारा पातळ द्रव) घ्या, सुईच्या बाटलीतून सांध्यात सोडा, ते आपोआप आत ओढलं जातं. पांढरे बुडबुडे दिसले तर कडा सपाट नाहीये, आधी ती घासा. खिडक्या उघड्या ठेवा, वास वाईट असतो.

आणि आपल्याकडे लाईट जातेच, पाणी वर चढवणारा पंप थांबला की टँकमधलं वरचं पाणी खाली संपमध्ये उतरतं, म्हणून संप ९-१० इंचापर्यंतच भरा, वरची जागा मोकळीच राहू द्या.