मालवाहू यान दिसलं नाही? आधी तारीख तपासा

सांगलीच्या विश्रामबागेत गच्चीवर १४ तारखेला पहाटे ५:२५ ला उभे होतात, पण ना अंतराळ स्थानक दिसलं ना त्यामागचं मालवाहू यान, असं तुम्ही लिहिलंय. स्थानक कधी दिसेल त्या वेळांच्या तक्त्यात '१४ तारीख, २३:५५' होतं ना? ती जागतिक वेळ. साडेपाच तास मिळवलेत, तारीख मात्र तीच ठेवलीत. २३:५५ च्या पुढे साडेपाच तास म्हणजे १५ ची पहाट. तुम्ही अख्खा दिवस आधी गेलात.

दोष सगळा तुमचा नाही. आमच्याकडे एका कार्यालयाने वाटलेल्या तक्त्यावर वेळ कुठली तेच छापलं नव्हतं. विचारलं तर "वरून आलंय तसं दिलंय." गच्चीभर पोरांची झोपमोड झाली, दिसलं काहीच नाही.

आता यानाचं. स्थानकाच्या कक्षेचे आकडे दोन-तीन दिवसांचे असले तरी सहसा चालतात. पाठलागावरच्या यानाचे चालत नाहीत, कारण ते मधेमधे इंजिन पेटवतं. उंची १० किमीने बदलली की दर फेरीला १२ सेकंदांचा फरक. दिवसाला पंधरा-साडेपंधरा फेऱ्या, म्हणजे तीन मिनिटं चुकली. डोक्यावरून झाडांमागे जायला स्थानकाला तेवढाच वेळ लागतो! म्हणून कक्षेचे आकडे ज्या दोन ओळींत मिळतात, त्यातल्या पहिल्या ओळीतला वर्ष आणि दिवसाचा आकडा बघा; ते आकडे कधीचे आहेत ते त्यावरून कळतं. अर्ध्या दिवसापेक्षा जुना असेल तर माझ्या मते सोडून द्या. उड्डाणानंतर लगेच उपग्रहांच्या यादीत नुसतं 'ऑब्जेक्ट ए', 'ऑब्जेक्ट बी' असतं. त्यातलं एखादं रॉकेटचा तिसरा टप्पाही असू शकतं.

रशियाचं प्रोग्रेस दोन फेऱ्यांत, साडेतीन तासांच्या आसपास जोडलं जाणार असेल तर सांगलीवरून दिसण्याचा योग जवळजवळ नाहीच. दोन दिवसांच्या मार्गाने जाणार असेल तर जरूर थांबा. अमेरिकेचं मालवाहू सिग्नस मात्र स्थानकापासून सुटल्यावरही बऱ्याचदा काही दिवस कक्षेत राहतं, ते सोपं. आणि अपेक्षा बेताची ठेवा: स्थानक १०९ मीटर, प्रोग्रेस जेमतेम सात मीटर. दुर्बीण घ्या, ७×५० पुरते.

साताऱ्यातून बघणाऱ्यांनी क्षितिजापासून ३० अंशांखालचे योग धरू नयेत. दक्षिणेला अजिंक्यतारा आणि पश्चिमेला यवतेश्वर आडवे येतात. सांगलीत क्षितिज मोकळं, पण गाळप हंगामात नदीकडच्या बाजूला धूर-धुकं असतं. तिकडे खाली काही शोधत बसू नका.