ओव्हनमध्ये भाज्या भाजताना

आपण ओव्हन नुकताच घेतला असल्यास सुरुवात फ्लॉवर आणि गाजर यांपासूनच करावी. थंडीच्या दिवसांत पुण्याच्या मंडईत दोन्ही उत्तम मिळतात. भाज्या धुतल्यावर पंच्यावर पसरून पूर्ण कोरड्या होऊ द्याव्यात, कारण ओलावा असेपर्यंत भाजीच्या पृष्ठभागाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच अडकून राहते आणि खरपूस रंग येण्यासाठी ते साधारण १४० अंशांच्या वर जावे लागते. भाजी भाजण्याऐवजी उकडल्यासारखी होते, ती बहुतेक वेळा यामुळेच.

फ्लॉवरचा तुरा देठासकट उभा चिरावा, म्हणजे त्याची सपाट बाजू ट्रेला टेकते आणि नेमकी तीच बाजू कडेपासून आत तपकिरी होत जाते. अर्धा किलो भाजीला दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल आणि मीठ हातानेच चोळावे. चमच्याने ते सगळीकडे नीट लागत नाही. तुकडे एकाच थरात, सुटे ठेवावेत. दाटी झाली की वाफ कोंडते, त्यामुळे ट्रे लहान असल्यास दोन खेपा कराव्यात, पण घाई करू नये.

आधीच २२० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये २५ ते ३० मिनिटे पुरतात. मध्ये एकदा तुकडे उलटावेत. लसूण मात्र शेवटच्या पाच-सात मिनिटांतच घालावा, अन्यथा तो करपून कडू होतो. लिंबू आणि कोथिंबीर भाजी बाहेर काढल्यावर घालावी आणि ती आमटी-भाताबरोबर गरमच वाढावी.