बेत कच्च्या गड्याच्या दमावर

प्रिय,

तुझा बेत वाचला. तीन कुटुंबं, पाच मुलं आणि दक्षिण फ्रान्समधल्या आर्देश नदीच्या घळईतले 24 किलोमीटर होडीने एका दिवसात, कारण मित्रमंडळी तसं म्हणतात. अगं, त्यांच्यातल्या कितींनी वल्हं हातात धरलंय? बेत आखायचा तो सगळ्यात कच्च्या गड्याच्या दमावर.

आधी धाकट्याचं. सात वर्षांखालच्या मुलाला या नदीत होडीत बसू देत नाहीत, मोठ्यांनाही पोहता यायला हवं. 'अंगापिंडाने मोठा दिसतो' हे चालवून घेऊ नकोस. त्याच्यासोबत एकजण काठावर राहील. कड्यावरून डी 290 रस्ता जातो, आणि आदिमानवाच्या चित्रांच्या शोव्हे गुहेची प्रतिकृती 2015पासून खुली आहे. पाळ्या लावा.

बाकीच्यांनी दोन दिवस घ्या. 24 किलोमीटरला सहा-सात तास धरतात; त्यात जेवण, डुंबणं, रुसवेफुगवे धरलेले नसतात. शिवाय हे 24 किलोमीटर शाम या वाडीपासून धरतात; तिथून निघालात तर पाँ-दार्क, नदीवरची खडकाची नैसर्गिक कमान, मागेच राहते. त्याच्या वरच्या व्हॅलाँ गावापासून निघा, साधारण 32 किलोमीटर पडतील. कमानीखालून जाल तेव्हा धाकटा तिथल्या वाळूत उभा राहून हात हलवेल. मुक्काम घळईतल्या गो किंवा गुर्निए या तळांवर. दोन्हीकडे आरक्षण लागतं. दुसरीकडे तंबू ठोकायला बंदी आहे. मध्येच कुणी थकलं तर गाडी बोलावता येत नाही, रस्ता पार कड्याच्या माथ्यावर. म्हणून म्हणते, कच्च्याचा दम आधी मोज.

होडीत मागे बसणारा दिशा सांभाळतो, म्हणून पक्का हात मागे. नवरा-बायकोला एका होडीत घालू नकोस (हसू नकोस). वळणावर धार बाहेरच्या खडकाकडे ओढते. होडी आडवी होऊन खडकाला टेकली की घाबरलेला माणूस खडकापासून लांब झुकतो, आणि तिथेच चुकतं: धारेकडची कड खाली जाते, पाणी आत घुसतं, होडी खडकाला चिकटून बसते. खडकाकडे झुकायचं, मिठी मारल्यासारखं. उलटलात तर पाठीवर तरंगा, पाय पुढे. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, दगडांत पाऊल अडकतं. हे काठावर तीनदा करून घे, आणि ज्याला येत नाही त्याच्याकडून चौथ्यांदा.

सामान कोरडं ठेवायच्या पिंपाचं झाकण लावण्याआधी रबरी कडेवरची वाळू बोटाने पुसा. एक कण राहिला तरी रात्री झोपायच्या पिशव्या ओल्या. पिंप होडीला बांधा. पायात बंद बूट घाला, चपला वाहून जातात. ऑगस्टात पाणी उतरतं, होडी घासते, वेळ वाढतो. शरदात सेव्हेनच्या डोंगरात पाऊस पडला की नदी काही तासांत चढते. जून बरा.

हट्टी म्हणतील तुला. मलाही म्हणतात. सगळ्यांची मनं राखणारे बेत मीही पुष्कळ आखले, आणि त्यात एकाचंही मन राहिलं नाही. तेव्हा आधी गुर्निएची जागा धर, मग मंडळींना कळव. विचारू नकोस, कळव.